दुसऱ्या मचव्यातल्या बायका

कर्णिक मास्तर पहिल्यांदा आमच्या खोलीवर आले तेव्हा त्यांनी दारातच चपला काढल्या, वाकून माझ्या सासूच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "आई, आपण धन्य आहात."

सासू सुकट निवडत बसली होती. तिनं पाय झटकन आखडले. परभूंच्या आळीतला, धुतल्या धोतरातला माणूस पनवेलच्या बंदराकडच्या आमच्या खोलीत येऊन सुकटीच्या वासात वाकतो म्हटल्यावर ती घाबरलीच. माझ्याकडे बघून म्हणाली, "वेणू, कोन मेला गं?"

मेलं कोणीच नव्हतं. उलट सतरा वर्षांपूर्वी मेलेला माझा नवरा त्या दिवशी सरकारदरबारी पुन्हा जिवंत व्हायला निघाला होता. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं त्या वर्षीची ही गोष्ट. कर्णिक हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि तालुक्यातल्या स्वातंत्र्यलढ्याची माहिती गोळा करणाऱ्या समितीचे चिटणीस होते. माणूस सरळ होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर पुष्कळ चिडणार आहे. ते म्हणाले, त्रेचाळीस सालचा खाडीतला बॉम्बस्फोट ही आपल्या तालुक्यातली सगळ्यात मोठी क्रांतिकारक घटना. इंग्रजांनी तिला दहशतवादी कट म्हणून काळं फासलं, आता आपण ते पुसायचं. खाजणपाड्याच्या धक्क्यावर कमळाकरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावाची शिळा उभी राहणार, मंत्री येणार.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. मग सुकटीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "बॉम नव्हता."

"आई, आता लपवायचं कारण नाही," कर्णिक हळुवारपणे म्हणाले. "इंग्रज गेला."

"इंग्रज गेला ते मना ठावं हाय. बॉम नव्हता."

कर्णिकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय दहशत असेल हो त्या काळची! अजून उतरलेली नाही," असं म्हणून ते गेले, आणि आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो.

काय झालं होतं ते आता सांगते. ऐकीव सांगत नाही, मी तिथं होते.

खाजणपाडा हे आमचं गाव पनवेलच्या खाडीत, बंदरापासून मचव्यानं अर्ध्या प्रहराच्या अंतरावर. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाजणाचा चिखल, समोर पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. वस्ती सगळी आगऱ्यांची. आमच्याकडे लग्न भट लावत नसे, धवलारीण लावायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिला तोंडपाठ. ती एकेक ओळ म्हणते आणि मागच्या बायका ती ओळ झेलतात, म्हणजे तीच पुन्हा म्हणतात. बायकांनी झेलल्याशिवाय ओळ पुरी झाली असं कोणी धरत नाही, आणि ओळ पुरी झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. माझी सासू हौसा आमच्या पाड्याची धवलारीण. विधवा असूनही मांडवात तिला विचारल्याशिवाय कोणी सुपारी उचलत नसे, आणि ती त्याचा तोरा मिरवायची. सून म्हणून मला तिच्या आवाजाचा फार जाच झाला, कारण घरात मीठ मागायचं असलं तरी ती मांडवातल्याच पट्टीत मागायची.

त्रेचाळीसच्या वैशाखात दाजीच्या काशीरामचं लग्न निघालं. दाजी म्हणजे पाड्याचा कारभारी, सासूचा चुलत दीर. मुलगी उरणच्या बाजूची, तेव्हा वऱ्हाड खाडीनं जाणार. पुढच्या मचव्यात नवरदेव आणि पुरुषमंडळी, मागच्यात आम्ही बायका. बायकांच्या मचव्यावर कोणीतरी वडीलधारं हवं म्हणून दाजी आमच्या सुकाणूवर बसला होता. माझा नवरा कमळाकर पुढच्या मचव्यात, काशीरामच्या मांडीला मांडी लावून. दोघे लहानपणापासूनचे जिवलग.

कमळाकरचं एक सांगायला हवं. आदल्या वर्षी 'चले जाव'च्या गडबडीत त्यानं तारा तोडल्या होत्या. खरंच तोडल्या होत्या. पोलिसांनी त्याला पनवेलला नेऊन इतका मारला की एका कानानं ऐकू येईनासं झालं. सुटून आला तेव्हा चळवळीचा सोस संपला होता. मी काही विचारलं तर म्हणायचा, "वेणू, आता मना घरात एक पोर पायजे, बाकी काय नको." तेवढंही त्याला मिळालं नाही.

वऱ्हाडाचा मचवा गावदेवीच्या देवळासमोरून जाताना उखळीचा बार काढायचा, ही आमची रीत. उखळी म्हणजे जाड लोखंडाची बुटकी नळी. तिच्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. धवलारीण देवांना एकेक करून लग्नाला बोलावते. गावदेवीचं नाव आलं, बायकांनी झेललं, की बार उडालाच पाहिजे. नाहीतर देवी वऱ्हाडाकडे पाठ फिरवते, असं आम्ही मानायचो. दरवर्षी बार देवळाच्या चौथऱ्यावरून निघायचा. त्या वर्षी ते जमण्यासारखं नव्हतं. लढाई चालू होती, दारूकामाला बंदी होती, आणि देवळाखालच्या धक्क्यालाच एक सरकारी लाँच लागलेली होती. लढाईच्या कामासाठी उलव्याच्या बाजूचा डोंगर फोडत होते, तिथला एक गोरा इंजिनियर तिच्यात होता आणि बंदूकवाले शिपाई होते.

पण दाजीचा एकुलता एक मुलगा. त्यानं त्याच डोंगरावरच्या कोणा मुकादमाला धरून सुरुंगाच्या दारूचं पिंपच्या पिंप मिळवलं, कारण त्याला जाताना, मांडवात, येताना, सगळीकडे बार हवे होते. आणि चौथऱ्यावर शिपाई पकडतील म्हणून तो म्हणाला, बार पुढच्या मचव्यातूनच काढू. ते ओरडेपर्यंत आपण वाऱ्याला लागलेलो असू.

"पिंप शेजारीच हाय ना," असं भामा नावाची त्याची बहीण म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

दाजी हसला. "चारी अंगाला पानी हाय. पान्यात दारूची कसली भीती?"

यावर कोणी वाद घातला नाही. मीसुद्धा नाही, कारण मलाही ते पटलं. आम्ही जन्मभर पाण्यात राहिलेली माणसं. घर पेटलं की खाडीकडे पळणारी. पाण्यावर आपल्याला आग गाठेल हे आमच्या डोक्यातच शिरत नाही. पनवेलच्या बाजारातलं शेंबडं पोरही असा वेडेपणा करणार नाही, तो आम्हीच करू जाणे.

मचवे देवळासमोर आले. सासू उभी राहिली, डोळे मिटले आणि तिनं ओळ टाकली, "ये गं गावदेवी माये, पाटावर बस गं." आम्ही सगळ्या हळदीच्या हातांच्या बायकांनी ती झेलली. पुढच्या मचव्यात उखळी उडवणारा काळूराम बत्ती घेऊन वाकला, हे मी बघितलं. कमळाकर त्याच्याकडे बघत हसत होता.

त्यानंतरचा आवाज मला सांगता येत नाही. अजूनही नाही. पुढचा मचवा होता तिथं नुसता धूर होता, आणि लाँच एका अंगावर कलंडून पेटली होती. एकोणीस वऱ्हाडी गेले. लाँचमधला गोरा गेला, दोन शिपाई गेले. दाजी सुकाणू सोडून "काश्या, काश्या" असं ओरडत पाण्यात उडी घ्यायला धावला, त्याला आम्ही बायकांनी धरून ठेवला. माझी सासू उभीच होती. तिचं तोंड तसंच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. मेलेल्यांची नावं विचारता विचारता ते कमळाकरच्या नावाशी थांबले. तारा तोडणारा! मग पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं. वऱ्हाडात लपून बॉम्ब आणला, गोऱ्याच्या लाँचवर टाकायला निघाला, हातातच फुटला. दाजीला खोटं रचावंही लागलं नाही, त्याला फक्त हो म्हणायचं होतं. तो हो म्हणाला. नाही म्हटलं असतं तर चोरलेल्या दारूपायी दाजी, तो मुकादम आणि पाड्यातले निम्मे पुरुष आत गेले असते. आम्हा बायकांना साहेबांनी काही विचारलंच नाही. बायका रडत होत्या, त्यांना काय विचारायचं?

पण दाजीला आमची धास्ती होती. आमच्याकडे शपथ मिठावर घेतात. तिसऱ्या दिवशी त्यानं परातीत मीठ घेतलं आणि दुसऱ्या मचव्यातल्या एकेकीपुढं धरलं. गुणाबाईनं उचललं, तिचे दोन भाऊ त्या मचव्यात गेले होते. भीमाबाईनं उचललं. भामानं उचललं. माझ्या सासूपुढे परात आली तेव्हा दाजी रडत होता. म्हणाला, "वयनी, मेलेल्याला काय फाशी देनार हायेत? जित्यांना वाचव."

सासूनं परात उलटी केली. "माझ्या पोरानं एकोनीस मानसं मारली, असं मी मिठावर बोलू?"

माझ्यापुढं परात आलीच नाही. सासू बोलेल तेच सून बोलणार, असं त्यांनी धरलं. ते मात्र बरोबर होतं.

मग आम्हाला वाळीत टाकलं. उघड सांगायचं कारण असं, की तुमच्या पोरानं आमची माणसं मारली. विहिरीवर आमची घागर लागू देईनात. कमळाकरचं काहीच मिळालं नव्हतं, दहावा कुणाचा करायचा तोच प्रश्न, आणि सासूच्या गळ्यात पडून रडायला पाड्यातली एक बाई आली नाही. आमच्यात मयताच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडूनच रडतात. एकटीनं रडायची रीत नाही, म्हणून ती रडलीच नाही. आम्ही पनवेलला येऊन ही खोली घेतली. सासू सुकं मासं विकू लागली. मी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात झाडायला लागले, पुढं सुइणीचं काम शिकले, लिहायवाचायलाही तिथंच शिकले. धवल्याला तिला परत कोणी बोलावलं नाही.

आणि खोटं मोठं व्हायला लागलं. आधी सगळ्यांना माहीत होतं की ते खोटं आहे. मग पोरं झाली, त्या पोरांना आईबापांनी खोटंच सांगितलं, कारण पोरं कुठंही बोलतात. सत्तेचाळीसनंतर त्याच पोरांना वाटायला लागलं की बॉम्ब म्हणजे मोठी अभिमानाची गोष्ट आहे. कर्णिक मास्तर खाजणपाड्यात गेले तेव्हा जवान पोरांनी त्यांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. कमळाकरनं बॉम्ब उपरण्यात बांधला होता म्हणे. माझ्या नवऱ्याकडे उपरणं नव्हतं.

मी कर्णिकांशी भांडले. त्यांच्या हायस्कुलात जाऊन भांडले. उखळी, पिंप, मुकादम, मीठ, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वेणूबाई, सरकारी चौकशीचा अहवाल आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, बॉम्ब."

"कुठल्या सरकारचा?"

"तेव्हाच्या."

"इंग्रजांच्या एकाही शब्दावर तुमचा विश्वास नाही. मग एवढा एकच शब्द तेवढा खरा कसा?"

ते जरा गडबडले. पण इतिहासाचा मास्तर तो, सावरायला वेळ लागत नाही. म्हणाले, "शत्रूनंही कबूल केलेली गोष्ट आहे, म्हणून तर ती अधिक खरी." मी तिथून उठून आले. शिकलेल्या माणसाशी वाद घालताना एक वाईट असतं, त्याला कधीच तोंडावर पाडता येत नाही.

त्यानंतर दाजी आला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. काठी टेकत, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून. पुतण्याला त्यानं बाहेर उभं केलं. आत येऊन भिंतीला पाठ लावून बसला आणि बराच वेळ नुसता धापत होता. मी पाणी दिलं. तो प्यायला.

"वयनी, गावाला या," तो म्हणाला. "समद्यांनी ठरवलाय. तुमचं पानी मोकळं केलं."

"मेहेरबानी," सासू म्हणाली.

"मंत्री येनार हाय. हुतात्म्याचा गाव म्हून नळाचं पानी द्यायचं कबूल केलंय. पक्का धक्का पन. बायका पान्यासाठी कुठं कुठं जातात, तुना ठावं हाय. तू फक्त खुर्चीवर येऊन बस. बोलू नको काय."

"दारू कोनी आनली, ते तू बोल. मी येते."

दाजी खाली बघत म्हणाला, "मी बोललो तर पोरांच्या तोंडचं पानी जाईल."

"आनि नाय बोललास तर माझा पोर मानसं मारनारा ऱ्हाईल. तुज्याच काशीरामला मारनारा. त्याच्यासंगं एका ताटात जेवायचा रं तो."

"मी रोज बोलतो, वयनी," दाजी म्हणाला. "सकाळी उठलो का बोलतो. काश्या, तुना तुज्या बापानं मारला. कोनी ऐकत नाय, पन बोलतो." आणि तो म्हातारा तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडला. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की माणसाला काही सुचत नाही, तशी मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

सासूनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "येते मी. पन मी धवला म्हननार. माझा पोर, माझा धवला. गुणाबाई, भीमाबाई, भामा, तिघींना पुढं बसव झेलायला."

दाजीनं मान वर केली. त्याला कळलं, मलाही कळलं. तो नको म्हणेल असं वाटलं, पण तो काठी शोधून उठला आणि गेला. कर्णिकांना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत 'वीरमातेचा धवळा' असं छापून घेतलं.

आठवडाभर सासू मिटल्या ओठांनी गुणगुणत होती. मी तिला म्हटलं, "आय, बायका झेलतील का?" ती म्हणाली, "त्या रोज त्या मचव्यातच असतात गं, माझ्यासारख्या. त्यांना एक ओळ द्यायला पायजे, बास." तिला किती आशा होती ते मला तेव्हा दिसलं. सतरा वर्षं तिला बदला नको होता, शिळा नको होती. आपल्या पोरानं हे केलं नाही, एवढं त्या बायकांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

समारंभाला तोबा गर्दी. धक्क्यावर मांडव, पताका, लाऊडस्पीकर. पनवेलहून शाळेची मुलं मचव्यांनी आणली होती. शिळेवर चादर घातली होती. सासूला नवं लुगडं नेसवून मंत्र्यांच्या शेजारी बसवलं. दाजी खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत. समोर सतरंजीवर गुणाबाई, भीमाबाई आणि भामा, तिघी म्हाताऱ्या, डोक्यावर पदर घेऊन. मी त्यांच्यामागं जाऊन बसले. भाषणं झाली. मंत्र्यांनी कमळाकरचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. चादर ओढली, टाळ्या झाल्या, आणि कर्णिकांनी सासूपुढं लाऊडस्पीकर सरकवला.

ती उभी राहिली. डोळे मिटले. मला वाटलं, आवाज गेला असेल आता. पण नाही गेला.

"ये गं एकवीरा माये, पाटावर बस गं."

तिघींनी झेललं. जुन्या, खरवडलेल्या आवाजात, पण बरोब्बर सुरात. पाड्यातल्या बायका मागून सामील झाल्या. "ये रं खंडेराया." झेललं. "ये गं गावदेवी माये." झेललं. मंत्री मान डोलवत होते.

"पुढल्या मचव्यात काळूराम बसं गं."

गुणाबाईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. भामानं पदर पुढं ओढला. मागच्या बायका तर या तिघींच्या तोंडाकडे बघत होत्या. झेलायला कोणीच नाही आणि ओळ तशीच लोंबकळत राहिलेली. मग मी झेलली. माझा गळा म्हणजे फुटकी घागर, पण झेलली.

"उखळी भरं गं, पिंप शेजारी गं."

पुन्हा मी एकटी. भीमाबाई मला मागं हात करून चिमटे काढत होती, गप बस म्हणून. मी रडत होते आणि ओरडत होते. सासूनं डोळे उघडले. तिनं त्या तिघींकडे असं बघितलं की ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. तिनं पुढची ओळ टाकली.

"बॉम नव्हता गं, कमळाच्या हाती. दारू कोनाची, दारू दाजीची गं."

मी झेलायला श्वास घेतला. आणि तेवढ्यात खुर्च्यांमधून एक पुरुषी, घोगरा आवाज आला. दाजी उभा राहिला होता. धवला बायकांनी झेलायचा असतो, पुरुष झेलत नाही, आमच्या सात पिढ्यांत कोणी झेलला नव्हता. दाजीनं झेलला. "दारू दाजीची गं," तो म्हणाला, आणि मग गाणं सोडून नुसतंच ओरडला, "मी आनली! पिंप मीच आनला! कमळ्यानं काय केलं नाय!"

पाड्यातली काही पोरं हसली. पुतण्या धावत आला, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय, साहेब," असं म्हणत त्याला दंडाला धरून मांडवाबाहेर घेऊन गेला. मंत्र्यांना आमची बोली कळली नसावी, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कर्णिक मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते दाजी गेला त्या दिशेनं बघत होते, आणि मला वेड्यासारखं वाटलं, की या माणसानं तरी ऐकलं.

येताना मचव्यात सासू माझ्या गळ्यात पडून रडली. आधी हळू, मग मोठमोठ्यानं, पुत्र मेलेल्या बाईसारखी. "बोलला गं तो, वेणू. भर मांडवात बोलला," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही रडले. सतरा वर्षं राहिलेलं ते रडणं आम्ही पनवेलच्या धक्क्याला लागेपर्यंत रडून घेतलं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

आठ-दहा दिवसांनी कर्णिक मास्तर आले. हातात पेढ्यांचा पुडा. चेहरा उजळलेला.

"आई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही त्या दिवशी म्हणालात म्हणून उलगडा झाला. मी दाजींकडे जाऊन आलो. त्यांनी सगळं कबूल केलं. डोंगरावरून सुरुंगाची दारू त्यांनीच मिळवली होती."

"हां," सासू म्हणाली. ती उठून बसली.

"इतकी वर्षं मला एक कोडं होतं. एका साध्या मिठागरातल्या तरुणाकडे एवढं मोठं स्फोटक आलं कुठून? आता कळलं. दाजी कटात होते! उखळीचं निमित्त, वऱ्हाडाचं सोंग, आणि मचवा बरोबर लाँचसमोर. केवढी योजना, आई! आणि प्रसिद्धी नको म्हणून माणूस इतकी वर्षं गप्प."

मी किंचाळलेच. "मास्तर, स्वतःच्या पोराच्या लग्नाच्या मचव्यात बाप बॉम्ब ठेवील?"

"तोच तर त्याग, वेणूबाई," कर्णिक म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता.

सासूनं विचारलं, "दाजी काय बोलला यावर?"

"ते आता फारसं बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पण गावानं एकमुखानं दुजोरा दिलाय. शिळेवर कमळाकरांच्या खाली त्यांचं नाव कोरायचं ठरलं. कालच पाथरवट लावला."

सासूनं अगदी साध्या आवाजात, मुलांना विचारतात तसं विचारलं, "मंजे काशीरामला दोघांनी मारला? माझ्या पोरानं आनि त्याच्या बापानं?"

"मारलं नाही, आई. देशाला वाहिलं."

"त्याला इचारलं व्हतं कोनी?"

कर्णिकांनी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला, नमस्कार केला आणि चपला घालून गेले. मी त्यांच्यामागं दारापर्यंत गेले. त्यांना थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, समितीकडे जायचं, वर्तमानपत्रात लिहायचं, भामाला हाताला धरून आणायचं, असं कायकाय माझ्या मनात होतं आणि ते सगळं मी सासूला भडाभडा सांगत सुटले.

तिनं हात वर करून मला थांबवलं.

"नको, वेणू," ती म्हणाली. "आता तू कोनाला काय सांगू नको. सांगितलंस तर ते तुजं बी नाव कोरतील."